स्टार्चच्या पिशवीत मिसळलेले प्लॅस्टिक कोणते?

प्रश्न : कोल्हापुरात महाद्वार रोडवर आमचे भडंगाचे दुकान आहे. मक्याच्या स्टार्चच्या पिशव्या पावसाळ्यात लिबलिबीत होतात आणि जुन्या झाल्या की घडीवर तडकतात. विक्रेता म्हणतो, "थोडे प्लॅस्टिक मिसळलेली घ्या, ती टिकते आणि कुजतेही." हे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे दोन्ही दोष स्टार्चच्या मूळ स्वभावातच आहेत. साबुदाण्याच्या चिकवड्या घालताना आपण ते पाहतोच : शिजवलेला साबुदाणा पारदर्शक आणि चिकट होतो, पण उन्हात वाळला की कडकडीत होऊन मोडतो. म्हणून पिशवीसाठी स्टार्चमध्ये ग्लिसरीन घालून, उष्णता देऊन ते मऊ करतात. तरीही त्याच्या रेणूंना पाण्याची ओढ असल्याने दमट हवेत ते सैल पडते, आणि काळ लोटला की रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून, शिळा भात व्हावा तसे, ताठ होते.

दुसरे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ; प्लॅस्टिक त्यातलेच) मिसळल्याने ताकद वाढते, यात शंका नाही. मात्र विक्रेत्याने ते कोणते हे सांगितलेले नाही, आणि सारे त्यावरच अवलंबून आहे. पॉलिथिलीन, म्हणजे नेहमीच्या पिशव्यांचे प्लॅस्टिक, पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे स्टार्चशी त्याचे जमत नाही. मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेले पॉलिथिलीन दुवा म्हणून घालून त्यांची सांगड घालावी लागते. अशी पिशवी चांगली टिकते, परंतु मातीत सूक्ष्मजीव तिच्यातले स्टार्च तेवढे खातात आणि पॉलिथिलीनचा चुरा मागे उरतो. तिला कुजणारी म्हणून विकणे ही मला ग्राहकाची फसवणूक वाटते.

पीबीएटी किंवा पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिएस्टर जातीच्या प्लॅस्टिकांचे तसे नाही. तीही खनिज तेलापासूनच बनतात, पण त्यांच्या साखळीतील कड्या जोडणारे एस्टर बंध सूक्ष्मजीव तोडू शकतात. इटलीतील नोव्हामाँट कंपनीचे 'मॅटर-बी' हे स्टार्च आणि अशा पॉलिएस्टरच्या मिश्रणाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अर्थात अशा पिशव्यांची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसच्या खतनिर्मितीच्या स्थितीत होते. रंकाळ्याच्या काठी टाकलेली पिशवी त्या वेगाने कुजणार नाही.

तेव्हा विक्रेत्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र मागा आणि पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ या, खत होणाऱ्या प्लॅस्टिकसाठीच्या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहा. या पिशव्यांतून बाष्प पॉलिथिलीनपेक्षा लवकर आत शिरते, म्हणून पावसाळ्यात त्यांत भडंग भरून ठेवू नका, ते सादळेल; डब्यातून काढून गिऱ्हाइकासमोरच भरून द्या आणि पिशव्यांचा साठाही थोडाच, कोरड्या जागी ठेवा.