गाताना अडत नाही, मग बोलताना का अडतो?

"गाणं म्हणते तवा घडघड म्हणते, बोलाले लागला का अटकते. मंग हा पोट्टा मुद्दामच करते ना जी?"

अडखळत बोलणाऱ्या मुलांचे आईवडील समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न नेहमी विचारतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या आमच्या झाडीपट्टीत तर जरा जास्तच, कारण इथे गाणं घरोघरी आहे. दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं आहेत, भजनी मंडळं आहेत, आणि दिवाळी झाली की रात्र-रात्र चालणारी नाटकं आहेत. मूल दंडारीत मोकळ्या गळ्याने गातं आणि घरी पाणी मागताना अडतं. हे रोज पाहणाऱ्या माणसाला संशय येणारच.

खुशालच्या वडिलांनाही तो आला होता. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, त्याला विचारूनच हे लिहिते आहे.) गाव ब्रह्मपुरीच्या बाजूचं, घरची थोडी धानाची शेती, आई हंगामात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणीला जाते. खुशाल सतरा वर्षांचा, बारावी कला शाखेत. वडिलांची दुसरी काळजी पहिलीपेक्षा मोठी होती. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री गावातली हौशी पोरं नाटक करणार होती आणि खुशालला त्यात जायचं होतं. "नाटकात गेला तर बारावी बुडते. अन् साऱ्या गावापुढे अटकला तर घरची इज्जत जाते."

खुशाल शेजारी बसून जमिनीकडे पाहत होता. त्याला एकट्याला बसवलं, कागद दिला, तेव्हा कुठे तो उलगडत गेला. स्वतःचं नाव त्याला सगळ्यात जड जायचं. बाकी शब्द अडला तर दुसरा घालता येतो, नावाला दुसरा शब्द नसतो. वर्गात हजेरीला तो नुसता हात वर करायचा. मोबाइल वाजला की आईच्या हातात द्यायचा. एसटीत आपल्या गावाचं नाव निघत नाही म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचा आणि अलीकडे उतरायचा. चार रुपये जास्त गेले तरी चालतील, पण कंडक्टरपुढे तोंड वासून उभं राहणं नको. अडखळण्यापेक्षा हे चुकवत जगणं माणसाला जास्त खातं. खुशालचं जग शब्दाशब्दाने लहान होत आलं होतं, आणि घरच्यांना वाटत होतं की पोरगा स्वभावानेच घुम्या आहे.

आधी 'मुद्दाम'चा प्रश्न. घरच्यांनी त्याच्या जिभेला अक्कलकाढा लावून पाहिला होता, तोंडात खडे धरायला लावून वाचायला बसवलं होतं. मी वडिलांना विचारलं, "दादा, गाणं म्हणतो ती जीभ वेगळी आहे का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. जिभेत दोष असता तर गाणंही अडलं असतं. अडखळणाऱ्या बहुतेक माणसांना गाताना अडत नाही, आणि चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना, आरतीत किंवा प्रार्थनेतही फारसं अडत नाही. गाण्यात शब्द आधीच ठरलेले असतात, स्वर लांबवलेला असतो, पुढचं अक्षर कधी उचलायचं ते ताल सांगतो, आणि कोणी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत उभं नसतं. गाणं चाकोरीतून जाणाऱ्या बैलबंडीसारखं आहे. बोलणं म्हणजे दर वेळी बांधीतून नवी वाट काढणं. शब्द शोधायचा, वाक्य जुळवायचं, त्याची वेळ आपल्या आतून साधायची, आणि हे सगळं एका क्षणात. अडखळणं या वेळ साधण्यातलं आहे. ते बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, मुलग्यांत जास्त दिसतं, घराण्यात चालत येतं. भीतीने ते वाढतं, पण भीतीने जन्माला येत नाही, आणि आईबापांच्या वळणाने तर नाहीच. शंभरात पाचेक मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात. त्यातल्या बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी शंभरात एखाद्याचं उरतं. घराण्याचं ऐकल्यावर वडील म्हणाले, "माह्या काकाले गावात सारे तोतऱ्याच म्हणत." काकाचं खरं नाव त्यांना आठवावं लागलं.

मग नाटक. अभ्यासाचं वर्ष आहे तर नाटक बंद, असं सांगणं सोपं होतं आणि वडिलांना तेच ऐकायचं होतं. मी तसं सांगितलं नाही. आपल्याकडची रंगभूमी गाण्यावरच उभी राहिली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठी नटाला आधी गळा असावा लागला. शहरांत पुढे ते मागे पडलं. झाडीपट्टीत आजही ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांसमोरच असतो, नट स्वतः गातो, आणि धान कापून मोकळी झालेली माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत ऐकतात. ज्या मुलाचं बोलणं अडतं आणि गाणं वाहतं, त्याला चार लोकांत उभं राहायला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. वडील म्हणाले, नाटकवाल्यांचं काही खरं नसते. मी गडचिरोली जिल्ह्यातल्याच परशुराम खुणेंचं नाव घेतलं. झाडीपट्टीच्या या नटाला २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. "ते मोठे लोक होत जी," ते म्हणाले. बरोबरच होतं. पद्मश्रीच्या आशेवर कोणी पोराला रंगमंचावर सोडत नाही. म्हणून मी हाताशी येईल तेवढंच बोलले. मंडई भाऊबीजेनंतर लगेच असते, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. तालीम रात्री अकराला संपली पाहिजे, सकाळचं कॉलेज चुकवायचं नाही, आणि या वर्षी गावचं एकच नाटक. खुशालने मान डोलावली. आईने पहिल्यांदा तोंड उघडलं, "जाऊ द्या ना जी त्याले. घरी तरी कोठं बोलते?"

त्याचबरोबर नागपूरच्या एका वाचा-उपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली. मी समुपदेशक आहे; बोलण्यावरचे उपचार हे वेगळं शास्त्र आहे आणि ते त्या माणसानेच करावेत. नागपूरला जायचं म्हणजे घरातल्या एकाची मजुरी बुडते, म्हणून पहिल्या भेटीनंतर बरंचसं काम फोनवर झालं.

तालमीत खुशाल आधी नांदीत उभा राहिला. सगळे एका सुरात गात असताना त्याचं कुठेच अडलं नाही. दिग्दर्शक गावातलेच शेतकरी, कान तयार असलेला माणूस. त्यांनी त्याला वासुदेवाचं काम दिलं: दोन भावांच्या वाटणीचं नाटक, त्यात पहाटे येऊन गाणारा वासुदेव, आणि शेवटी थोरल्या भावाला सुनावलेलं एक बोलतं वाक्य. ते वाक्य तालमीत अडलं. दिग्दर्शक मायेने म्हणाले, "तुह्यं सारं गाण्यातच घालतो, बोलाची गरजच नाही." खुशाल खूष झाला. मी नाही झाले. गाणं त्याच्याजवळ होतंच. बोलायची वेळ आली की गाण्यामागे जाऊन उभं राहायची सवय लागली असती, तर तीही चुकवाचुकवीच झाली असती. शिवाय ठेक्यात बोलणं, टिचकी वाजवून शब्द काढणं, असल्या युक्त्या थोडे दिवस चालतात आणि मग बोथट होतात. हे तज्ज्ञांनीही त्याला सांगितलं. मी खुशालला इतकंच म्हटलं, की ते वाक्य न अडता म्हणायचं नाहीये, जसं येईल तसं म्हणायचं आहे. ठरव तू.

चार दिवसांनी त्याने तालमीत सगळ्यांपुढे सांगितलं, "मी अ-अ-अटकतो. त-तवा थांबजा. माह्या शब्द तुमी म्हणू नोका." हे सांगायला त्याला किती बळ लागलं असेल, ते आयुष्यभर अडखळलेल्या माणसालाच कळेल. त्यानंतर तज्ज्ञांच्या सांगण्यावरून तो तालमीत मुद्दाम, ठरवून अडखळायचा, म्हणजे अडण्याचा धसका कमी व्हावा. बाहेरून पाहणाऱ्याला हे उलटं वाटेल. उपचारातली ही नेहमीची, खरोखर उपयोगी पडणारी पद्धत आहे.

मंडईच्या रात्री मी गेले होते. दोन्ही गाणी अशी झाली की माइकवरून बक्षिसं पुकारली गेली. मग ते वाक्य आलं आणि पहिल्याच अक्षरावर तो अडला. मागच्या बाजूला काही पोरं हसली. ऑर्गनवाल्या काकांनी त्याला सावरायला सूर धरला, आणि खुशालने हात उचलून त्यांना थांबवलं. स्वर बंद झाला. तो अडखळत, पण शेवटच्या शब्दापर्यंत वाक्य बोलला आणि थोरल्या भावाच्या डोळ्यांत पाहत उभा राहिला. टाळ्या गाण्यांना मिळाल्या तितक्या मिळाल्या नाहीत. मला त्या रात्रीचं महत्त्वाचं वाटलं ते त्याचं हात उचलणं. पुढाकार त्याचा होता, आणि सगळा मांडव त्याच्यासाठी थांबला होता. नाटकात जे होतं ते घरात होत नाही: तिथे तुमच्या वाक्याची जागा ठरलेली असते, ती कोणी खात नाही, आणि समोरचा नट तुमचं संपल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. खुशालला असं थांबणारं माणूस सतरा वर्षांत फार वेळा भेटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात वडील आले ते जरा खट्टू होऊन. "अजून अटकतेच, म्याडम." हो, अटकतोच. नाटकाने अडखळणं गेलं नाही, आणि जातं असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण खुशाल आता एसटीत स्वतःच्या गावाचं तिकीट मागतो. धानाच्या खरेदी केंद्रावर सातबारा घेऊन तो गेला, वडील नाही. मंडळाची पोरं रात्री त्याच्या घरी येतात. फोन उचलतो, समोरचा घाई करू लागला तर "थांबा" म्हणतो. बारावी पास झाला. टक्के बेताचेच, ते आधीही बेताचेच होते.

घरच्यांनाही मी काही गोष्टी सोडायला लावल्या. 'हळू बोल', 'श्वास घे', 'विचार करून बोल' हे बंद. त्याचा शब्द तोंडातून काढून घेणं बंद. पाहुण्यांपुढे 'गाऊन दाखव' हेही बंद. ते वडिलांना सोडवत नव्हतं, कारण त्यांना आता पोराचा अभिमान वाटू लागला होता. त्याऐवजी आपण स्वतः सावकाश बोलायचं, तो अडला तरी नजर काढायची नाही, आणि तो काय म्हणतोय ते ऐकायचं.

या वर्षी वडशाच्या एका नाट्यमंडळाने त्याला गाण्याच्या कामासाठी विचारलं आहे, नाइटप्रमाणे, म्हणजे दर प्रयोगाला, पैसे. घरी पुन्हा वाद झाला आणि तिघं माझ्याकडे आली. मी हो किंवा नाही म्हटलं नाही. हंगामभर रात्रीचं जागरण, गाडीतला रात्रीचा प्रवास, दारूची संगत, होळीनंतर काम थांबलं की येणारं रिकामपण, हे सगळं त्याच्यासमोर मांडलं. तो बी.ए.ला बाहेरून बसणार आहे आणि रोवणीच्या वेळी घरी लागणार आहे, हे त्यानेच सांगितलं. शनिवार-रविवारच्या नाइट घेऊन एक हंगाम पाहायचा, असं तिघांनी मिळून ठरवलं.

उठताना वडिलांनी धाकट्या भावाच्या मुलीचं विचारलं. चार वर्षांची आहे, दिवाळीपासून शब्दाचं पहिलं अक्षर तीन-तीनदा म्हणते. घराण्यात अडखळणं आहे, तेव्हा आपोआप जाईल म्हणून वर्षभर वाट पाहू नका, असं मी सांगितलं. शब्दावर अडताना तिचा चेहरा ताणला जातो का, डोळे मिटतात का, बोलायचं टाळते का, ते लिहून ठेवा. येत्या महिन्यात तिला घेऊन नागपूरला जा, किंवा जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून घ्या. तिला कोणी टोकू नका आणि तिची नक्कल घरात कोणीही करू नका, भावंडांनीसुद्धा.