उंचावर ठोके वाढेनासे का होतात?

प्रश्न : मॅडम, गिर्यारोहणासाठी 5,000 मीटर उंचीवरच्या तळावर तीन आठवडे होतो. पहिले दोन दिवस बसल्याजागी नाडी धावत होती. तिसऱ्या आठवड्यात जीव तोडून चढलो तरी ठोके 150च्या पुढे जाईनात. एरवी मी 180 सहज गाठतो. माझं हृदय कमजोर झालं का?

उत्तर : नाही. ‘कमजोर’ हा शब्द आधी मनातून काढून टाका.

ऑक्सिजन कमी पडला की हृदयातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे हृदयाला वेग देणारं रसायन जास्त सुटतं. हृदयपेशीवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारी प्रथिनं, ते पकडतात, आत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू तयार होतो, पेशीत कॅल्शियम जास्त शिरतं आणि ठोके वाढतात. तुमचे पहिले दोन दिवस हे असे गेले. पण नॉरॲड्रेनॅलिनचा हा मारा आठवडेच्या आठवडे चालूच राहतो. मग पेशी रिसेप्टरच्या शेपटीला फॉस्फेट चिकटवते, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन बसतं आणि रिसेप्टर आत ओढला जातो. पुढे त्यांची संख्याच घटते. उरलेल्यांचा निरोप आत पोचवणाऱ्या जी-प्रथिनाशी असलेला दुवाही सैल पडतो. शिवाय ठोके आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा पगडा वाढतो.

हे मी स्वतः पाहिलंय. शिकवायला लागण्याआधी मी प्रयोगशाळेत हृदयस्नायूच्या पट्ट्यांवर काम करत असे. महिनाभर कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या उंदराच्या पट्टीवर आयसोप्रिनालिन हे बीटा रिसेप्टर चेतवणारं औषध टाकलं, तर ती जेमतेम हलली. मला वाटलं, औषध खराब झालं. ते हवा लागून गुलाबी पडतं. नवी कुपी फोडली, तरी तेच. साध्या उंदराच्या पट्टीनं त्याच कुपीला झकास प्रतिसाद दिला. मग पहिल्या पट्टीच्या द्रावणात कॅल्शियम वाढवलं आणि ती दमदार आकुंचन पावली! स्नायू ठणठणीत होता, रिसेप्टरकडून निरोप आत पोचत नव्हता. त्या दुपारी मला हा विषय खरा कळला.

माणसातही हेच दिसतं. 1985 साली ‘ऑपरेशन एव्हरेस्ट 2’मध्ये स्वयंसेवकांना 40 दिवस दाबकक्षात ठेवून हवेचा दाब हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतका उतरवला. कमाल ठोके सरासरी 160वरून 118वर आले, पण हृदयाची आकुंचनशक्ती टिकून होती.

माझ्या मते ही हृदयाची काटकसर आहे. डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याच्या, स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं. ठोके फार वाढले की ती विश्रांतीच आखडते. उंचीवर सरावलेल्या लोकांत औषधानं व्हेगस रोखून ठोके वाढवून पाहिले गेले, तरी शरीराचा कमाल ऑक्सिजन वापर वाढला नाही. तेव्हा ठोके वाढवायला काहीही घेऊ नका.

जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी असणाऱ्या बाळांच्या हृदयातही बीटा रिसेप्टर घटलेले आढळतात. तिथे मात्र काटकसर म्हणून थांबून चालत नाही, मूळ दोषावरच उपचार करावे लागतात.

तुम्ही खाली येऊन महिना झाला असेल तर पुन्हा जोरात धावून नाडी मोजा. अजूनही 150वर अडत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. बसल्याजागी धाप, पायांवर सूज, भोवळ यांपैकी काही असेल, तर धावून पाहूच नका, थेट हृदयरोगतज्ज्ञांना भेटा.