राउटरचा पासवर्ड अजून अॅडमिनच आहे का?

प्रश्न : नमस्कार सर, मी पतसंस्थेत क्लार्क आहे. बारा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर एवढाच पसारा, पण "तुला कळतं ना यातलं" म्हणून चेअरमन साहेबांनी नेटवर्क सिक्युरिटीपण माझ्याच गळ्यात घातलीये. शिकायला तयार आहे, पण यूट्यूबवर जो तो हॅकिंगच्या काली लिनक्सपासूनच सुरू करतो. मी कुठून सुरू करू?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : काली लिनक्स राहू द्या हो, दुसऱ्याचं कुलूप कसं फोडायचं ते नंतर बघू, आधी आपल्या वाड्याला दारं किती ते मोजा. कोरा कागद घ्या, नेटची वायर कुठून येते, राउटर कुठे, स्विच (मशीनच्या वायरी एकत्र येतात ती पेटी) कुठे, कुठलं मशीन कशाला जोडलंय ते काढा आणि शेजारी प्रत्येकाचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, लिहा. तासाभराचं काम वाटतं पण दोन दिवस जातात, कारण कुणीतरी टेबलाखाली स्वतःचा वायफाय राउटर लावून ठेवलेला असतो.

मग पोर्ट, म्हणजे मशीनची नंबर घातलेली दारं, शिका, पण पाठ करत बसू नका. 445 म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग, मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा, फाइली लॉक करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर ह्याच वाटेने एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला, कुणी क्लिकसुद्धा न करता, आणि गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टने पॅच मार्चमध्येच दिला होता, लोक "अपडेट नंतर करू" म्हणत बसले. 3389 म्हणजे रिमोट डेस्कटॉप, लांबून आपलं मशीन चालवायची सोय. सॉफ्टवेअरवाला फोनवर "तेवढा पोर्ट ओपन करून द्या" म्हणतो ना, तो हाच असतो बऱ्याचदा. इंटरनेटला उघडा ठेवू नका, व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खासगी वाटेने, येऊ दे त्याला, कुरकुर करेल, करू दे.

डीव्हीआरला हलक्यात घेऊ नका. 2016 च्या मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी पकडले, तेही कंपनीने दिलेले साठेक पासवर्ड नुसते लावून बघून. डीव्हीआरचा आणि राउटरचापण पासवर्ड बदला आणि कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरिंगवर पाडलेल्या स्वतंत्र कप्प्यात, टाका. व्हीलॅनची प्रॅक्टिस सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर ह्या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे, चुकलं तरी काउंटर बंद पडत नाही.

बॅकअपची डिस्क काम झालं की काढून तिजोरीत, जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीपण लॉक करतो.

आणि चेअरमन साहेबांना एक सांगून ठेवा, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 2022 च्या नियमाने सायबर हल्ला कळल्यापासून 6 तासांत कळवावं लागतं आणि लॉग, म्हणजे मशीनवरच्या हालचालींच्या नोंदी, 180 दिवस ठेवावे लागतात, तेव्हा त्यासाठीच्या हार्ड डिस्कचे पैसे आत्ताच मंजूर करून घ्या.