वाचकांचे प्रश्न : सरकत्या छताचा खर्च कोण उचलतं?

अमेरिकेत जुनी बेसबॉल मैदानं बदलून त्या जागी सरकत्या छताची नवी बांधायची आणि पैसा जनतेच्या करांतून उभा करायचा, हा विषय अनेक शहरांत मतपेटीपर्यंत पोहोचला आहे. तिथल्या मराठी वाचकांच्या आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक, आणि शेवटी दादरहून आलेला एक.

प्रश्न : आमच्या आर्लिंग्टनचं १९९४ साली उघडलेलं मैदान बाजूला ठेवून २०२० मध्ये छताचं नवं मैदान सुरू झालं. २६ वर्षांत एवढी मोठी इमारत म्हातारी होते का?

उत्तर : होत नाही. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ पासून आणि शिकागोचं रिगली फील्ड १९१४ पासून वापरात आहे. तुमचं जुनं मैदानही पाडलेलं नाही, तिथं आता इतर खेळ होतात. ते बदलण्यामागचं मोठं कारण टेक्ससचा उन्हाळा होता. एका हंगामात घरच्या मैदानावर ८१ सामने असतात आणि त्यांतले बरेचसे भर उन्हाळ्यात येतात.

स्टेडियममध्ये लवकर खराब होतात ते पायऱ्यांमधले सांधे, त्यांतलं सीलंट, सांडपाण्याचे पाइप, वायरिंग आणि लिफ्ट. सांध्यातून पाणी मुरलं की सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. मुंबईच्या जुन्या इमारतींत राहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. म्हणून ‘मैदान जुनं झालंय’ असं कानावर आलं की पहिल्यांदा स्ट्रक्चरल ऑडिट मागा. मोडकळीला आला आहे तो सांगाडा, की कमी पडताहेत त्या सोयी, एवढं त्यातून कळलं पाहिजे. सांधे, पाइप आणि वायरिंग बदलायला नवं मैदान लागत नाही.

जुन्या कर्जाची चौकशीही त्याच वेळी करावी. सिॲटलचं किंगडोम १९७६ मध्ये उघडलं. १९ जुलै १९९४ रोजी सामन्याआधी त्याच्या छताच्या आतल्या बाजूच्या जड टाइल्स खालच्या खुर्च्यांवर कोसळल्या. २६ मार्च २००० रोजी ते सुरुंग लावून पाडलं. त्याचं कर्ज फिटलं २०१५ मध्ये! मैदान जमीनदोस्त झाल्यावर १५ वर्षं लोक त्याचे पैसे भरत होते.

प्रश्न : एवढं अवजड छत सरकतं कसं, आणि त्यात बिघडतं काय?

उत्तर : सिॲटलचं सध्याचं मैदान (जुलै १९९९ मध्ये उघडलेलं) घेऊ. छताचे तीन भाग, एकूण वजन सुमारे १० हजार टन. ते १२८ पोलादी चाकांवर, रुळांवरून चालतं आणि ती चाकं १० अश्वशक्तीच्या ९६ विद्युत मोटरी फिरवतात. वाऱ्याप्रमाणे १० ते २० मिनिटं लागतात. हे छत बाजूंनी बंद होत नाही, मैदानावर धरलेली छत्रीच ती. सिॲटलचं हवामान सौम्य असल्यामुळे एवढं पुरतं. फिनिक्समध्ये (१९९८) मात्र संपूर्ण इमारत बंद करून वातानुकूलन चालवावं लागतं.

पहिली अडचण छत तिरकं होण्याची. एका टोकाच्या मोटरी दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे गेल्या की सगळा भाग आडवा फिरू पाहतो, चाकाची कड रुळाला घासते आणि रूळ-चाक दोन्ही झिजतात. म्हणून दोन्ही टोकांचं अंतर सेन्सर सतत मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की यंत्रणा थांबते. दुसरी अडचण उष्णतेची. २०० मीटर लांबीचं पोलाद ३० अंशांच्या फरकानं सुमारे ७ सेंटिमीटर वाढतं. म्हणून एका बाजूच्या चाकांना आडवं सरकायला थोडी मोकळीक ठेवावी लागते. ती मोकळीक गंजानं किंवा कचऱ्यानं अडकली की सगळा भार चाकांच्या कडांवर येतो. तिसरी, दोन भागांमधली रबरी सील. ती कडक होऊन तडकली की गळती ठरलेलीच.

मिलवॉकीचं छत (२००१) पंख्यासारखं उघडतं. पाती होम प्लेटमागच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागच्या) खुंटीभोवती फिरतात आणि बाहेरचं टोक गोलाकार रुळावर धावतं. दिसायला हे फार देखणं, पण आतलं टोक आणि बाहेरचं टोक वेगवेगळं अंतर कापतं, त्यामुळे यंत्रणेवर फार ताण येतो. उघडल्यावर पाच-सहा वर्षांतच बाहेरच्या टोकांच्या बोगी (चाकांचे गाडे) बदलाव्या लागल्या आणि त्याला १.३ कोटी डॉलरहून जास्त खर्च आला. बांधकामही जीवघेणं ठरलं. १४ जुलै १९९९ रोजी छताचा भाग उचलताना वाऱ्यात क्रेन कोसळून तीन कामगार गेले आणि उद्घाटन एक वर्ष पुढे ढकललं गेलं. उचलीच्या दिवशी वाऱ्याची मर्यादा किती आणि काम थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हे कंत्राटात स्पष्ट असलंच पाहिजे. मुदत गाठण्याच्या घाईत पहिला बळी याच कलमाचा जातो.

गवताचं दुखणं वेगळंच. फिनिक्समध्ये सकाळी छत उघडून गवताला ऊन द्यायचं, मग बंद करून सामन्याआधी काही तास इमारत गार करायची, असा क्रम होता. तरीही २०१९ मध्ये तिथं कृत्रिम गवत आलं. मायामीनंही २०२० मध्ये तोच रस्ता धरला. ‘नैसर्गिक गवतासाठीच छत उघडतं ठेवतोय’ असं कुणी पटवून देत असेल तर ही दोन शहरं आठवावीत.

प्रश्न : हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवरचा कर तर पाहुणेच भरतात. मग स्थानिकांना काय फरक पडतो?

उत्तर : तोच कर त्या शहराला दुसऱ्या कामासाठी वापरता आला असता, हा पहिला फरक. शिवाय बहुतेक वेळा तो एकटा पुरत नाही. आर्लिंग्टनच्या २०१६ च्या मतदानात हॉटेलवर २ टक्के, भाड्याच्या गाड्यांवर ५ टक्के आणि जोडीला अर्धा टक्का विक्रीकर होता. तो विक्रीकर किराणा सोडून जवळजवळ सगळ्या खरेदीवर तुम्हीच भरता. मिलवॉकीभोवतीच्या पाच काउंटींत (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) १०० डॉलरच्या खरेदीवर १० सेंट, एवढाच कर होता. १९९६ पासून मार्च २०२० पर्यंत त्यातून सुमारे ६०.५ कोटी डॉलर जमा झाले.

मैदानासाठी कर्ज उभं करायला सरकारी संस्था रोखे काढतात, त्यांचा एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. १९८६ च्या अमेरिकी करसुधारणेनुसार, खासगी संघ वापरणार असलेल्या इमारतीसाठीच्या रोख्यांचं व्याज करमुक्त ठेवायचं असेल तर कर्जफेडीचा १० टक्क्यांहून जास्त भाग खासगी पैशातून येता कामा नये. म्हणजे स्वस्त व्याज हवं असेल तर संघाकडून भाडं कमीच घ्यायचं आणि बाकीचं लोकांच्या करांतून भागवायचं. क्लबांची चैन रोखण्यासाठी केलेल्या नियमानं उलट त्यांचं भाडं उतरवलं.

मायामीच्या मैदानासाठी काढलेल्या रोख्यांपैकी सुमारे ९.१ कोटी डॉलरच्या एका हिश्श्याची परतफेड २०४८ पर्यंत सुमारे १.२ अब्ज डॉलर होते, कारण सुरुवातीची अनेक वर्षं हप्ताच नाही आणि व्याज मुद्दलात साचत जातं. काउंटीचे महापौर कार्लोस अल्वारेझ यांना मार्च २०११ मध्ये मतदारांनी मतदान करून पदावरून हटवलं त्यामागे मालमत्ताकराच्या वाढीइतकाच या व्यवहाराचाही राग होता.

प्रश्न : आमच्या गावात असं मतदान आलं तर कागदात नेमकं काय शोधायचं?

उत्तर : बांधकामाच्या किमतीआधी भाडेकरार वाचा. वाढीव खर्च कोणाचा? आर्लिंग्टननं शहराचा वाटा ५० कोटी डॉलरवर रोखला आणि पुढचं संघावर टाकलं. सिॲटललाही वाढलेला खर्च क्लबनं सोसला. हे कलम मिळवता येतं, मागायला हवं.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा मोठ्या दुरुस्तीचा. रोजची झाडलोट, तेलपाणी संघाकडे असतं, पण रूळ, बोगी, केबल, छताचं आवरण ‘भांडवली दुरुस्ती’त मोडतं आणि ती बहुधा मालक म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या गळ्यात येते. फिनिक्समध्ये याच मुद्द्यावर २०१७ मध्ये संघ काउंटीविरुद्ध कोर्टात गेला. मिलवॉकीचा मैदानकर २०२० मध्ये थांबला आणि २०२३ च्या डिसेंबरात राज्य, काउंटी व शहरानं मिळून दुरुस्तीसाठी सुमारे ५० कोटी डॉलर मंजूर केले. सिॲटलमध्ये २०१८ साली देखभालीसाठी हॉटेलकरातून १३.५ कोटी दिले गेले. म्हणजे वीस वर्षांच्या आसपास दुसरं मोठं बिल येतं, असं गृहीत धरूनच चाला. त्यासाठी पहिल्या वर्षापासून वेगळा निधी आहे का, त्यात दरवर्षी किती पडतात आणि संघ किती टाकतो, हे आकड्यांत लिहून हवं. ‘दर्जेदार देखभाल’ या शब्दांवर सही करू नका. आणि कर्ज फिटण्याच्या आधी करार संपत असेल तर तो प्रस्ताव सरळ नाकारावा, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : पावसासाठी वानखेडेवर असं छत का करत नाहीत? (दादर)

उत्तर : मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर, तेव्हा तिथं मोठे सामने जवळजवळ नसतातच. ज्या चार महिन्यांत छत लागेल तेव्हा मैदान रिकामं, आणि रूळ, चाकं मात्र समुद्राच्या खाऱ्या हवेत बारा महिने गंजणार. क्रिकेट छताखाली होऊ शकतं. मेलबर्नच्या डॉकलँड्स मैदानावर ऑगस्ट २००० मध्ये ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामने बंद छताखाली झाले. पण उंच चेंडू छताला लागतो. २०२३ च्या जानेवारीत बिग बॅशच्या एका सामन्यात तसे दोन फटके छताला लागले आणि नियमानुसार दोन्हींना सहा धावा द्याव्या लागल्या.