मुलीनं मॉरिशसकडून बॅडमिंटन खेळावं का?

पत्र: आम्ही मूळचे सांगलीचे. मिस्टर मॉरिशसमध्ये कापड कारखान्यात मॅनेजर आहेत. मुलगी तेरा वर्षांची आहे, सहा वर्षं बॅडमिंटन खेळते. तिच्या वयोगटात इथे तिला हरवणारं कुणी उरलेलं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याच्या एका अकादमीत घातलं, तर तिथल्या मुलींकडून ती सारखी हरत होती. आम्हाला इथलं नागरिकत्व मिळू शकतं. ओळखीतले म्हणतात, भारतात रांग संपत नाही, इथून खेळली तर ऑलिंपिक नक्की. मिस्टरांना पटलंय, मला धास्ती वाटते. काय करावं? – एक आई

ताई, ओळखीतले सांगतात त्यात तथ्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. ऑलिंपिकमध्ये एकेरीत एका देशाचे जास्तीत जास्त दोन खेळाडू जातात, आणि तेही दोघं पात्रता यादीत पहिल्या सोळांत असतील तरच. नाहीतर एकच. याचा काच भारतीय खेळाडूंना किती बसतो ते किदंबी श्रीकांतकडे बघून कळतं. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोहोचला होता. पण २०२४ ला पॅरिसला लक्ष्य सेन आणि प्रणॉय गेले, श्रीकांत घरी राहिला. त्याला त्या अंतिम सामन्यात हरवणारा लो कीन यू सिंगापूरसारख्या छोट्या देशाचा. तो पॅरिसला होता आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत खेळला.

शिवाय प्रत्येक खंडाला किमान एक जागा ठेवलेली असते आणि अगदी छोट्या देशांसाठी निमंत्रणाच्या काही जागा असतात. तुमच्याच बेटावरची केट फू कून आफ्रिकेची विजेती झाली आणि २०१६ ला रिओमध्ये मॉरिशसचा झेंडा तिच्या हातात होता. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या निम्मीही नाही. तेव्हा दार खरंच उघडं आहे. तुमची धास्ती मात्र त्या दारापर्यंतच्या वाटेबद्दल आहे, आणि ती मला रास्त वाटते.

मिस्टरांना केविन कॉर्डोनबद्दल जरूर सांगा. ग्वाटेमाला हा मध्य अमेरिकेतला देश. लोकसंख्येनं तो मॉरिशसपेक्षा पुष्कळ मोठा आहे, पण बॅडमिंटनमध्ये त्याला कुणी मोजत नव्हतं. केविन तिथल्या झकापा प्रांतातला, डावखुरा. टोकियो ऑलिंपिकला आला तेव्हा जागतिक क्रमवारीत ५९ वा होता आणि वय ३४. तिथे त्यानं गटात हाँगकाँगच्या एन्जी का लाँगला हरवलं, पुढे नेदरलँड्सच्या मार्क काल्याऊला, आणि उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या हिओ क्वांग-हीला २१-१३, २१-१८ असं. याच हिओनं आधी जपानच्या केंतो मोमोताला, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला, स्पर्धेबाहेर काढलं होतं. शेवटचा गुण मिळाल्यावर केविन कोर्टवरच आडवा पडला आणि रडला. उपांत्य सामन्यात डेन्मार्कच्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनविरुद्ध पहिला गेम त्यानं १८ पर्यंत नेला, पण सामना गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात इंडोनेशियाच्या गिंटिंगनं हरवलं. ग्वाटेमालाच्या खात्यात तोवर सगळ्या खेळांत मिळून एकच ऑलिंपिक पदक होतं, २०१२ चं चालण्याच्या शर्यतीतलं रौप्य. दुसरं इतकं जवळ येऊन निसटलं.

लोक ही गोष्ट इथेच थांबवतात. मला तिच्या आधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. केविनचं पहिलं ऑलिंपिक २००८ चं. २०१२ ला लंडनमध्ये तो शेवटच्या सोळांत आला. २०१६ ला रिओमध्ये दुखापतीनं माघार घ्यावी लागली. टोकियो हे त्याचं चौथं. म्हणजे जगानं त्याचं नाव ऐकलं तेव्हा पहिल्या ऑलिंपिकला तेरा वर्षं होऊन गेली होती. त्याच्या पाठीशी मुअम्मर कद्दाफी नावाचा इंडोनेशियन प्रशिक्षक होता. ज्या देशात बॅडमिंटन मुरलेलं आहे तिथला माणूस आणल्याशिवाय हे झालं नसतं असं माझं मत आहे. पॅरिसला केविन पाचव्यांदा आला. लक्ष्य सेननं त्याला सरळ गेममध्ये हरवलं, पण नंतर कोपराच्या दुखापतीमुळे केविननं माघार घेतली आणि नियमाप्रमाणे तो निकालच रद्द झाला. आपल्याकडे तेव्हा लक्ष्यचा विजय पुसला गेला याची हळहळ झाली. पुसला गेलेला तो सामना पलीकडच्यासाठी ३७ व्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमधला एकुलता एक सामना होता.

आता तुमच्या मुलीकडे येते. तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य पुण्यातल्या हरण्याचं आहे. बेटावर तिला हरवणारं कुणी नाही, यात मला तुमची खरी अडचण दिसते. पुण्याच्या अकादमीत सकाळच्या एका सेशनमध्ये तिला चार वेगळ्या मुली भेटतात. एक डावखुरी, जिचा क्रॉस ड्रॉप उलट्या बाजूनं येतो. एक नुसती उचलून परत टाकणारी, जी वीस-वीस फटक्यांच्या रॅली करून दम काढते. एक उंच, जिचा स्मॅश खांद्यावर येतो. एक नेटवर चिकटून खेळणारी. हे रोज अंगावर घेतल्याशिवाय पाय आपोआप हलायला शिकत नाहीत. एकटा कोच शटलचे डबेच्या डबे रिकामे करून फीडिंग देईल, त्यातून फटका घोटला जाईल. पण समोरची काय करणार हे ओळखायची नजर त्यातून येत नाही.

म्हणून छोट्या देशाच्या खेळाडूला तयारीसाठी घराबाहेर जावंच लागतं. तो खर्च कुणाचा, हा पुढचा प्रश्न. जागतिक क्रमवारीत ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. खालून वर जायचं तर फ्यूचर सिरीज दर्जाची स्पर्धा जिंकली तर १७००, इंटरनॅशनल सिरीजला २५००, इंटरनॅशनल चॅलेंजला ४०००. सर्वांत वरच्या दर्जाच्या सुपर १००० स्पर्धेला १२०००, पण तिथे शिरायलाच क्रमवारी वर लागते. म्हणजे सुरुवातीची दोन-तीन वर्षं खालच्या स्पर्धांमध्ये जातात. मॉरिशसहून युरोप बारा तासांचं विमान. पहिल्या फेरीत पस्तीस मिनिटांत हरलं तरी तिकीट, हॉटेल, कोचचा खर्च तेवढाच. या पातळीवर बक्षिसाच्या पैशातून खर्च निघत नाही. फार काय, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बक्षिसाची रक्कमच नसते.

आधार मिळतो तो दोन ठिकाणांहून. ऑलिंपिक सॉलिडॅरिटी या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मदत योजनेच्या शिष्यवृत्त्या देशाच्या ऑलिंपिक समितीमार्फत मिळतात, आणि छोट्या देशात त्यासाठी नाव पुढे येण्याची शक्यता जास्त असते. दुसरा आधार डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्समधल्या क्लब लीगचा. तिथले क्लब परदेशी खेळाडूंना मानधनावर घेतात आणि सरावाला सोबतही मिळते. पण हे अठराच्या पुढचं. तोवरचं ओझं आईवडिलांवर असतं, हे मिस्टरांनी कागदावर मांडून बघावं.

नागरिकत्वाची घाई मात्र करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिचा भारतीय पासपोर्ट गेला की भारताकडून खेळणं संपलं. त्याबरोबर खेळाडूंसाठीचं नोकऱ्यांतलं आरक्षणही गेलं. महाराष्ट्रात ते पाच टक्के आहे. रेल्वे आणि तेल कंपन्या खेळाडूंना नोकरीत घेतात, तीही वाट बंद. भारतातल्या हजारो मुलामुलींचं बॅडमिंटन याच नोकऱ्यांच्या भरवशावर चालतं आणि खेळ संपल्यावर संसारही. उलट बाजूही सांगते. एका देशाकडून खेळून नंतर दुसऱ्याकडून ऑलिंपिक खेळायचं असेल, तर साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणून ‘आधी इकडून बघू, मग तिकडून’ हा विचार बॅडमिंटनमध्ये महाग पडतो.

माझं मत विचाराल तर निर्णय सोळाव्या वर्षापर्यंत लांबवा. तोवर तिला बेटावरच्या स्पर्धा खेळू द्यात, पण प्रत्येक मोठ्या सुट्टीत पुण्यात किंवा हैदराबादला आठ-आठ आठवडे राहायची सोय करा. ती तिथे हरेल. हरू द्यात. बघायचं ते इतकंच, की पहिल्या वर्षी जिच्याकडून २१-८ हरली तिच्याशी दुसऱ्या वर्षी किती गुण घेते, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून उठते की तुम्हाला उठवावं लागतं. सोळाव्या वर्षी ती भारतात तिच्या वयोगटातल्या पहिल्या तीस-चाळीस मुलींशी बरोबरीनं खेळत असेल, तर मॉरिशसकडून खेळणं हा चांगला, मानाचा मार्ग आहे आणि मी त्याला मनापासून हो म्हणेन. तितकी तयारी झाली नसेल, तर ऑलिंपिकची जागा मिळूनही तिच्या वाट्याला गटातले दोन एकतर्फी पराभव येतील. त्यासाठी पासपोर्ट बदलू नये.

अभ्यासाचं थोडक्यात. तिथली केंब्रिजची एचएससी, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, पूर्ण होऊ द्यात. अमेरिकन कॉलेजांत टेनिसला मिळतात तशा शिष्यवृत्त्या बॅडमिंटनला जवळजवळ नाहीत, त्या आशेवर राहू नका. इंग्लंडमध्ये लफबरोसारखी विद्यापीठं आहेत, जिथे पदवी आणि वरच्या दर्जाचं बॅडमिंटन एकत्र चालतं. त्यांचे प्रवेशाचे निकष आत्ताच वाचून ठेवा.

आणि येत्या महिन्यात एक काम करा. तिथल्या बॅडमिंटन संघटनेला लेखी विचारा: ज्युनियर खेळाडूला वर्षाला किती परदेशी स्पर्धांना पाठवता, कोचचा खर्च कोण करतं, दुखापत झाली तर उपचाराचे पैसे कोण देतं? तोंडी आश्वासनावर थांबू नका, उत्तर लेखी घ्या. ते आलं की मुलीला शेजारी बसवून तिघांनी मिळून वाचा आणि मला पुन्हा लिहा. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही. पुढच्या पत्रात ते तिच्याच हातानं लिहिलेलं यावं.