गोलकीपर नाही, पॉइंट्स टेबल नाही, मग ही मॅच कसली?

प्रश्न : सर, आम्ही स्टुटगार्टला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, इथल्या क्लबात फुटबॉलला जातो. मॅच बघायला गेलो तर एकेका बाजूला तीनच पोरं, चार चिमुकले गोल, कीपर नाही, रेफरी नाही, आणि शेवटी कोण जिंकलं विचारलं तर कोच नुसतं हसतो. आजोबा नागपूरहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, कितवा नंबर आला? काय सांगू त्यांना? – एक आई, स्टुटगार्ट

उत्तर : ताई, आजोबांना सांगा की आज नातवाचा पाय बॉलला भरपूर वेळा लागला. हे काही तुमच्या क्लबाचं खूळ नाहीये, जर्मन फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या सीझनपासून देशभर हीच पद्धत सक्तीची केलीय. सगळ्यात लहान गटात दोन-दोन किंवा तीन-तीन पोरं, मग वय वाढेल तशी संख्या वाढत जाते, दहा-अकराव्या वर्षी फार तर सात-सात.

चार गोल का, तर एका गोलासमोर गर्दी झाली की पोरगं मान वर करून दुसरीकडे बघतं आणि वळतं. वळायची ही सवय नंतर सोळाव्या वर्षी शिकवायला गेलं तर कोचचा घसा बसतो तरी येत नाही. गोल जवळूनच मारायचा असतो, म्हणजे दणकट पोराने लांबून एक रट्टा हाणला आणि झालं असं होत नाही. गोल झाला की ठरलेल्या क्रमाने बदली खेळाडू आत, कोचच्या मर्जीचा प्रश्नच नाही. आणि कीपर नाही हे तर मला फार आवडतं. आपल्याकडे काय होतं आठवा, ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभं करायचं, मग थंडीत बिचारा तासभर पोस्टला टेकून उभा.

आता हारजीत. ती आहे हो ताई, नीट बघा पुढच्या वेळी. बऱ्याच ठिकाणी शेजारी-शेजारी छोटी मैदानं आखलेली असतात, जिंकलेली टीम एक मैदान वर सरकते, हरलेली एक मैदान खाली. दोन-चार राउंड झाले की आपोआप तोडीस तोड टीम समोर येते आणि १४-० वगैरे प्रकार बंद. टेबल तेवढं नाही. बाकी स्कोअर पोरांना गोलासकट पाठ असतो, घरी जाताना गाडीत विचारून बघा.

यावर तिकडेही वाद झालेच. डॉर्टमुंड या बड्या जर्मन क्लबचे तेव्हाचे बॉस वात्सके यांनी या बदलांची जाहीर खिल्ली उडवली होती, पोरांना हरायची सवयच राहणार नाही असा एकूण सूर. मला ते काही पटत नाही. त्या वयात पोरगं रडतं ते टेबल बघून नाही, बॉल मिळाला नाही म्हणून, किंवा बाबा लाइनवरून ओरडले म्हणून. नॉर्वेत तर मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम १९८७ सालीच केले, तिथे अकराव्या वर्षाच्या आधी टेबल लावतच नाहीत, आणि स्ट्रायकर हालांड त्याच देशात वाढला, त्याला गोल मारायची भूक कमी पडली असं कुणी म्हणेल का!

प्रश्न : नमस्कार सर. मे महिन्यात आमच्या पेठेत दहा वर्षांखालच्या पोरांची स्पर्धा घ्यायचा विचार हाय. मंडळातले जाणते म्हणतात फुल ग्राउंडवर अकरा-अकराच खेळवायचं, नॉकआउट, तरच पोरांत ईर्षा येणार. मला काय पटंना. – एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : दादा, कोल्हापुरात ईर्षा बाहेरून आणावी लागते हे पहिल्यांदाच ऐकलं! शाहू स्टेडियमच्या गॅलरीत एकदा बसलेलं पोरगं ती घेऊनच घरी जातं.

हिशोब बघा. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान, २२ पोरं, म्हणजे एकेका पोराच्या वाट्याला तीनशे चौरस मीटरच्या वर जागा. वर गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच, दहा वर्षांच्या कीपरने उडी मारली तरी वरचा बार हाताला लागत नाही. मग डोक्यावरून बॉल टाकला की गोल, आणि ट्रॉफी कुणाला, तर ज्या टीमकडे एक उंच पोरगं हाय त्यांना (त्याचा जन्मदाखला आधी तपासा, तुम्हाला काय ते सांगायला नको).

तुमचंच ग्राउंड आडवं तोडा, चुन्याने तीन छोटी मैदानं आखा, सात-सात जण खेळवा, चार नंबरचा बॉल घ्या. गोल साधारण १२ बाय ६ फुटांचा, वेल्डिंगवाल्याकडून पाइपचा करून घेतला तर पुढची पाच-सहा वर्षं चालतोय, फक्त मागून वाळूची पोती टाकून पक्का धरा, पोरं बारला लोंबकळतात. दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ, बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो, आणि प्रत्येक पोरगं निम्मा वेळ तरी खेळलंच पाहिजे हे फॉर्मवरच छापा. नियम मोडतोय असं कुणी म्हणालं तर सांगा, फुटबॉलचे कायदे करणाऱ्या आयफॅबनेच मुलांसाठी मैदान, बॉल, गोल, वेळ आणि बदली खेळाडू यांत बदल करायची मुभा दिलीय. आपल्या भारतीय फुटबॉल फेडरेशनने २०१८ साली सुरू केलेली गोल्डन बेबी लीगही लहान मैदानावरच व्हायची.

एक नियम मात्र नक्की घ्या. गोलकिक (बॉल गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलासमोरून मारतात ती किक) असेल तेव्हा समोरच्या टीमने मधल्या रेषेच्या मागे जायचं. इंग्लंडात दहा वर्षांपर्यंत हे आहे. नाहीतर काय होतं, कीपरची किक पंधरा फूट जाते, समोर टपलेला स्ट्रायकर तिथूनच ठोकतो, परत गोलकिक, परत तेच, आणि त्या कीपरच्या आईला बघवत नाही.

नॉकआउट नको. सकाळी सातला किट घालून आलेलं पोरगं वीस मिनिटांत घरी, याला काय अर्थ हाय? चार-चार टीमचे गट पाडा, प्रत्येकाला तीन मॅच मिळतात, मग हवी तर फायनल घ्या. हलगी वाजवा, गुलाल उधळा, मी कशाला नाही म्हणू. फक्त प्रेक्षक दोरीच्या मागे, आणि मंडळाच्या जाणत्यांना दोरीच्या आणखी मागे खुर्च्या द्या.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, कोच हेडिंगची, म्हणजे डोक्याने बॉल मारायची, प्रॅक्टिस घेतात. चालेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. अमेरिकेत दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद आहे, इंग्लंडातही अकरा वर्षांखालच्या मॅचमधून ते टप्प्याटप्प्याने काढतायत. कोचशी भांडू नका, सरळ सांगा की सध्या छातीवर बॉल घ्यायला शिकवा. नाहीच ऐकलं तर हेडिंगच्या वेळी तिला पाणी प्यायला बोलवा.