सगळे इलेक्ट्रॉन एकसारखेच, मग ते आपोआप एंटँगल्ड असतात का?

नाही, नसतात. (एंटँगल्ड म्हणजे दोन कणांची अवस्था अशी गुंतलेली की एकेकाची वेगळी सांगताच येत नाही.) तुमचा मुद्दा असा आहे की दोन इलेक्ट्रॉनची स्टेट (क्वांटम अवस्था) अँटिसिमेट्रिक, अदलाबदल केली की चिन्ह उलटणारी, करावीच लागते, म्हणजे 'पहिला इथे दुसरा तिथे' वजा 'पहिला तिथे दुसरा इथे', आणि ती एंटँगल्डच दिसते, मग चंद्रावरचा इलेक्ट्रॉनही माझ्या लॅबमधल्याशी एंटँगल्ड म्हणायचा का. प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवतो, कारण स्टेटचा सरळ गुणाकार होत नसेल तर एंटँगल्ड ही नेहमीची व्याख्या इथे खरंच चालत नाही.

घोळ आहे तो 'पहिला' आणि 'दुसरा' या नंबरांचा. ते आपण कागदावर घालतो, इलेक्ट्रॉनवर काही छापलेलं नसतं, आणि कुठलंच यंत्र 'एक नंबरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन' (स्पिन हा कणाचा एक अंगभूत क्वांटम गुणधर्म) मोजू शकत नाही, ते मोजतं 'डावीकडे जो सापडला त्याचा स्पिन'. त्यामुळे नुसत्या अँटिसिमेट्रीतून आलेला संबंध वापरून तुम्ही बेलची असमानता (खऱ्या एंटँगलमेंटशिवाय ओलांडता न येणारी मर्यादा) मोडूच शकत नाही.

म्हणून श्लीमान, सिराक, लेवेन्स्टाइन वगैरे मंडळींनी 2001 मध्ये स्लेटर रँक मांडली: फर्मिऑनची (इलेक्ट्रॉनसारख्या कणांची) स्टेट एकाच स्लेटर डिटर्मिनंटमध्ये (एकेका कणाच्या स्टेट गुणून नुसत्या अँटिसिमेट्रिक केल्या की मिळते ती मांडणी) बसली तर एंटँगलमेंट नाही, दोन किंवा जास्त लागले तर आहे. गिरार्दी, मारिनात्तो आणि वेबर यांनी 2002 मध्ये जवळपास हेच गुणधर्मांच्या भाषेत सांगितलं. हेलियम बघा, इलेक्ट्रॉनांमधलं रिपल्शन सोडून दिलं तर ग्राउंड स्टेटमधले दोघं एकाच ऑर्बिटलमध्ये सिंगलेट (स्पिन एकमेकांविरुद्ध जोडलेली जोडी) असतात, दिसायला अगदी बेल स्टेट, म्हणजे पूर्ण एंटँगल्ड जोडी, पण डिटर्मिनंट एकच, म्हणजे एंटँगलमेंट शून्य! तेच सिंगलेट दोन लांबच्या क्वांटम डॉट्समध्ये (इलेक्ट्रॉन धरून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म जागा) एकेक इलेक्ट्रॉन ठेवून बनवा, आता डिटर्मिनंट दोन लागतात आणि एंटँगलमेंट पूर्ण खरी. मला हे उदाहरण फार आवडतं, व्याख्या कशासाठी लागते ते इथे लगेच कळतं.

दुसरी वाट झनार्दी या भौतिकशास्त्रज्ञाची, कण सोडून मोड (कण जिथे असू शकतो त्या जागा किंवा वाटा) धरायचे, 'डावा मोड' आणि 'उजवा मोड'. मग बीम स्प्लिटरमधून (प्रकाश दोन वाटांत विभागणारा आरसा) गेलेला एकटा फोटॉनसुद्धा दोन मोडमध्ये एंटँगलमेंट देतो. इथे वाद आहे, वाइजमन आणि वाक्कारो यांनी 2003 मध्ये म्हटलं की कणांची संख्या स्थानिक पातळीवर बदलता येत नसेल तर त्यातलं वापरता येण्यासारखं तेवढंच मोजा. मला हीच बाजू पटते, निदान इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तरी, कारण इलेक्ट्रॉन असणं आणि नसणं याचं सुपरपोझिशन एका जागी बनवता येत नाही.

बोसॉनचा (फोटॉनसारख्या, सिमेट्रिक स्टेटच्या कणांचा) विचार करत असाल तर एक लक्षात ठेवा, तिथे दोघं एकाच स्टेटमध्ये असले तरी एंटँगल्ड नाहीत, आणि दोन ऑर्थोगोनल स्टेट सिमेट्रिक करून मिळाले तरी नाहीत.